पर्याय एकदा, अंतर रोज

परदेशातून परत यायचं की नाही, यावर मराठी घरांत वर्षानुवर्षं खल चालतो. मुलांची शाळा, घराचं कर्ज, ग्रीन कार्डची रांग, आई-बाबांची तब्येत, सगळं उलटसुलट तपासून होतं. एकदा यायचं पक्कं झालं की कुठे यायचं हे मात्र पाच मिनिटांत ठरतं: पुणे. नोकरी तशी असेल तर मुंबई, नाहीतर बंगळुरू किंवा हैदराबाद. नाशिकचं, कोल्हापूरचं, नागपूरचं घर दिवाळीला जाण्यासाठी असतं. तिथे कायमचं राहायला जायचं म्हटलं, की ‘मग एवढी वर्षं बाहेर राहून मिळवलं काय?’ असं घरातलीच माणसं विचारतात. मोठं शहर म्हणजे प्रगती आणि लहान शहर म्हणजे माघार, हे समीकरण आपल्या मनात इतकं मुरलंय की ते तपासून बघायची गरज कुणाला वाटत नाही. ते तपासायला हवं, असं मला वाटतं. मुलाबाळांसह परतणाऱ्या अनेक कुटुंबांसाठी लहान शहर हाच जास्त शहाणपणाचा निर्णय ठरतो. सरसकट सगळ्यांसाठी नाही; आणि कुणाला ते मानवेल, कुणाला नाही, हे ओळखायची एक साधी रीत आहे.

आधी ‘लहान’ म्हणजे किती लहान, ते बघू. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख आणि पुण्याची ३१ लाख होती. नागपूर २४ लाख, नाशिक १५ लाखांना जरासं कमी, कोल्हापूर साडेपाच लाख. त्यानंतर ही सगळीच शहरं वाढली, पण त्यांच्यातली उतरंड तशीच आहे. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना घरभाडं भत्ता देतं तोही हीच उतरंड धरून. उपनगरांसह पन्नास लाखांवर वस्ती असलेली आठ महानगरं पहिल्या वर्गात, त्यांत मुंबई आणि पुणे येतात. पाच ते पन्नास लाखांची शहरं दुसऱ्या वर्गात, त्यांत नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, अमरावती, नांदेड. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबात २०२४ पासून पहिल्या वर्गाला मूळ पगाराच्या ३० टक्के भत्ता मिळू लागला, दुसऱ्याला २० टक्के आणि बाकीच्या गावांना १०. म्हणजे डोक्यावरच्या छपराची किंमत गावागणिक किती बदलते, हे सरकारनेच मान्य केलंय. तरीही मी स्वस्ताईवर फार भर देणार नाही. डॉलर किंवा दिरहॅम साठवून आलेल्या कुटुंबाला पुण्यातलं घर बहुधा परवडतं. जी गोष्ट साठवून आणता येत नाही, तिचा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे.

ती गोष्ट कोणती, हे परतण्याच्या कारणांकडे बघितलं की कळतं. अमेरिकेत रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांपैकी कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाकाठी सहसा ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही; त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या मापाने मोजावी लागते. आई-वडिलांच्या व्हिसावर राहणारी मुलं २१ वर्षांची झाली की त्या रांगेतून बाहेर पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं आणि अनिश्चिततेत आणखी भर पडली. आखाती देशांत तर नागरिकत्वाची वाट जवळजवळ बंदच, तिथून परतणं पहिल्या दिवसापासून ठरलेलंच असतं. पण ही झाली तिथून निघण्याची कारणं. इथे येण्याची कारणं वेगळी असतात आणि ती दोन-तीनच असतात. आई-वडील सत्तरीच्या पुढे गेलेत, त्यांच्याजवळ असावं. मुलांना आजी-आजोबा मिळावेत, भाषा मिळावी. आणि आपला दिवस थोडा आपल्या हातात राहावा. या साऱ्याला एकच भांडवल लागतं, ते म्हणजे वेळ. मग जे शहर हाच वेळ खातं ते निवडायचं, यात कुठेतरी गफलत होतेय.

मोठ्या शहराची बाजू मांडताना लोक पर्यायांची यादी वाचतात. पन्नास शाळा, शंभर रुग्णालयं, हजार कंपन्या, रोज संध्याकाळी कुठेतरी नाटक. यादी खरी आहे. पण एका कुटुंबाला एक शाळा लागते, एक फॅमिली डॉक्टर लागतो, एक घर लागतं. पर्याय निवडायचा असतो एकदा. निवडलेल्या जागेपर्यंतचं अंतर मात्र रोज कापावं लागतं. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुण्याचा जगात चौथा क्रमांक लागला: दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. ऑफिस पंधरा किलोमीटरवर असेल तर या वेगाने एका बाजूला पन्नास मिनिटं, दोन्ही मिळून शंभर. वर्षाचे २४० दिवस धरले तर चारशे तास होतात, म्हणजे आठ तासांचे पन्नास दिवस. हा सरासरी वेगाचा हिशेब झाला. ऐन गर्दीच्या वेळी निघणाऱ्याचा आकडा याहून मोठा. नाशिकचे किंवा कोल्हापूरचे रस्ते काही मोकळे पडलेले नसतात. दुचाकी, रिक्षा आणि खड्डे तिथेही आहेत. वेग तिथेही बेताचाच, फक्त किलोमीटर कमी. नाशिकरोड स्टेशनपासून गंगापूर रोडपर्यंत गेलं की साधारण दहा-बारा किलोमीटरांत शहराचं एक टोक ते दुसरं टोक होतं, आणि शाळा, बाजार, दवाखाना, आईचं घर यांपैकी बहुतेक गोष्टी त्याच्या निम्म्या अंतरात बसवता येतात.

या वेळेचं मोल भावनेपुरतं नाही. डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००४ मध्ये टेक्ससमधल्या नऊशेहून अधिक नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तुकड्या-तुकड्याने जमाखर्च लिहायला लावला. कुठल्या वेळी मन कसं होतं, हेही नोंदवायचं होतं. कामावर जाण्या-येण्याची वेळ सगळ्यांत नकोशा वेळांमध्ये निघाली. त्याच सुमारास अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मन कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. अर्थशास्त्राच्या पोथीप्रमाणे लांबचा प्रवास पत्करणाऱ्याला त्याची भरपाई चढ्या पगारातून किंवा चांगल्या घरातून मिळायला हवी आणि समाधानाचं माप सारखं राहायला हवं. ते तसं राहत नव्हतं. प्रवास जितका लांब, तितकं समाधान कमी. घर बघताना आपण जादाची खोली लगेच मोजतो, तिच्यापायी रोज द्यावा लागणारा तास मोजत नाही. परदेशातून येणाऱ्याची चूक तर आणखी सोपी असते, कारण त्याने शहर बघितलेलं असतं ते सुट्टीत, कुणीतरी चालवत असलेल्या गाडीच्या मागच्या सीटवरून.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप पोटापाण्याचा. नोकऱ्या मोठ्या शहरांत आहेत, हे खोटं नाही. परदेशी कंपन्यांची भारतातली तंत्रज्ञान आणि सेवा केंद्रं २०२४ मध्ये १,७०० च्या वर गेली आणि त्यांत १९ लाख माणसं काम करत होती. पण ही केंद्रं मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद, पुणे, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या परिसरात आहेत. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे श्रीधर वेंबू कॅलिफोर्निया सोडून तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात राहायला गेले, तिथून काम करू लागले, हे उदाहरण अनेकदा दिलं जातं. उदाहरण चांगलं आहे, पण मालकाचं आहे. पगारदाराला नोकरी बदलावी लागते, आणि नोकरी हा एकदाच निवडायचा पर्याय नसतो. दर तीन-चार वर्षांनी तो पुन्हा निवडावा लागतो. घरातली दोन्ही माणसं करिअरच्या मध्यावर असतील, दोघांचंही क्षेत्र महानगरातच फुलणारं असेल, तर लहान शहरात बहुतेक वेळा एकाच्या करिअरचा बळी जातो, आणि आपल्याकडे ते कुणाचं असतं हे सांगायला नको. अशा कुटुंबाने मोठ्या शहरातच यावं. मी वर जी रीत म्हणालो ती हीच: जे पुन्हा पुन्हा निवडावं लागेल त्यासाठी मोठं शहर, जे एकदा निवडून रोज वापरायचं त्यासाठी लहान. मात्र ज्यांचं काम जागेला बांधलेलं नाही, ज्यांचा व्यवसाय डॉक्टरकीसारखा कुठेही चालणारा आहे, किंवा ज्यांच्यातलं एकजण शिकवणं, सल्ला देणं, स्वतःचं काही उभं करणं याकडे वळू इच्छितं, त्यांच्या बाबतीत हा आक्षेप पुष्कळ बोथट होतो.

घरून परदेशी काम करणाऱ्यांनी मात्र घड्याळ समोर ठेवून विचार करावा. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेसात. तिथले कामाचे आठ तास धरले तर इथे रात्रीचे अडीच किंवा साडेतीन वाजतात. कॅलिफोर्नियाचं काम सुरूच होतं रात्री साडेनऊनंतर. म्हणजे मुलं शाळेतून येतात तेव्हा बाबा नुकतेच उठलेले, आणि मुलं जेवायला बसतात तेव्हा ते मीटिंगमध्ये. गाव लहान असो की मोठं, हे दोन्हीकडे सारखंच. वेळ मिळवायला आलो आणि मिळालेला वेळ दुपारच्या झोपेत गेला, असं होऊ शकतं. याउलट लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच. दुबई तर दीडच तास मागे. युरोपशी बांधलेलं काम असेल तर सकाळ पूर्ण आपली राहते, आखाताशी असेल तर साडेदहापर्यंत तरी, आणि लहान शहरात ती खरोखर उपयोगाला येते: मुलांना शाळेत सोडता येतं, आईला डॉक्टरकडे नेता येतं, बँकेत जाऊन येता येतं, आणि तरी जेवायला घरी. म्हणून गाव निवडण्याआधी घड्याळ निवडावं.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा. सीबीएसई काय किंवा आयसीएसई काय, या मंडळांची परीक्षा नाशिकला आणि मुंबईला वेगळी नसते. आयबी किंवा केंब्रिज यांसारख्या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळा मात्र मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत. मूल पुढे बारावीनंतर पुन्हा परदेशी पाठवायचंच असेल तर हा फरक मोजावा. बाकी स्पर्धा परीक्षांच्या तयारीबद्दल बोलायचं तर लातूरकडे बघा. पावणेचार लाखांच्या या गावाने ‘लातूर पॅटर्न’ घडवला आणि महानगरं सोडून मुलं तिकडे शिकायला जाऊ लागली. शहर कुठलं, यापेक्षा इयत्ता कुठली, हे जास्त निर्णायक आहे. सीबीएसईत नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे जोडअभ्यासक्रम असल्यामुळे थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश सहजी मिळत नाही. म्हणून नववीच्या आत यावं, आणि त्याहूनही बरं म्हणजे पाचवीच्या आसपास. परदेशी नागरिकत्वामुळे मुलाकडे ओसीआय कार्ड असेल तर ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने त्याला वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशात एनआरआय जागांपुरतं सीमित केलंय. जुन्या कार्डधारकांना २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला. हे सगळं आधी नीट समजून घ्यावं, पण हे नियम पुण्यातही तेच आणि अकोल्यातही तेच.

भाषेचा प्रश्न मात्र गावानुसार खरोखर बदलतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालंय, तेव्हा परतलेल्या मुलाला मराठी टळत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांत रविवारी जाऊन आलेलं, घरात छान मराठी बोलणारं दहा वर्षांचं मूल इथल्या वर्गात बसतं आणि ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘तऱ्हा’ या चार शब्दांतला ‘र’ चार ठिकाणी का बसतो, याशी अडखळतं. बोलणं येतं, वाचनाचा वेग येत नाही, आणि वेग नसल्यामुळे इतिहासाचं साधं पानही डोंगर होतं. हा वेग शिकवणीने येत नाही. दुकानाच्या पाट्या, एसटीचे फलक, मैदानावरची भांडणं, शेजारच्या काकूंच्या निरोपाची चिठ्ठी यांतून येतो. महानगराच्या नव्या वसाहतींत मैदानावरची भाषा बहुधा हिंदी-इंग्रजी असते आणि मूल मराठीवाचून सहज निभावतं. कोल्हापुरात किंवा सांगलीत निभावत नाही. पहिले सहा महिने याचा त्रासच होतो, पण ज्या कारणासाठी आलो ते तिथेच साधतं. दोन संस्कृतींमध्ये वाढणाऱ्या मुलांसाठी रूथ युसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ हा शब्दप्रयोग रूढ केला. अशा मुलांचं ‘परत येणं’ खरं तर त्यांच्यासाठी स्थलांतरच असतं. परततात ते आई-बाप. एक अपवाद मात्र ठळक आहे. मुलाला विशेष शैक्षणिक मदत लागत असेल तर अमेरिकेत सरकारी शाळेत कायद्याने फुकट मिळणारी स्वतंत्र योजना इथे मिळणार नाही. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पण वाचा उपचार करणारे, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक हे बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत आणि मूल वाढेल तसे ते बदलावेही लागतात. इथे पर्याय पुन्हा पुन्हा लागतो, म्हणून मोठं शहरच बरं.

तिसरा आक्षेप वैद्यकीय सेवेचा, आणि तो म्हाताऱ्या आई-वडिलांच्या नावाने घेतला जातो. लहान शहर म्हणजे वैद्यकीय वाळवंट, ही समजूत महाराष्ट्रात तरी जुनीच चुकीची आहे. मिरजेत विल्यम वान्लेस या कॅनडातून आलेल्या मिशनरी डॉक्टरांचं रुग्णालय १८९४ मध्ये उभं राहिलं आणि गावाभोवती दवाखान्यांची अख्खी पेठ वसली. कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येत राहिले. नागपूरला २०२२ मध्ये एम्सचं उद्घाटन झालं. म्हातारपणाच्या आजारांचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. रक्तदाब, मधुमेह, गुडघे, मोतीबिंदू, यांना दुर्मिळ तज्ज्ञ लागत नाही, वारंवार जावं मात्र लागतं. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास. वर नेण्या-आणण्याला कुणीतरी हवं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिथे शहरात किती रुग्णालयं आहेत यापेक्षा योग्य रुग्णालय किती मिनिटांवर आहे, याने फरक पडतो. दुर्मिळ कर्करोग किंवा लहान मुलाच्या हृदयाची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यांसाठी मुंबईला जावंच लागेल. तिथे कर्करोगासाठी टाटा मेमोरियलला देशभरातून रुग्ण येतात. पण तो प्रसंग क्वचितचा, आणि क्वचितच्या प्रसंगासाठी रोजचं जगणं गहाण टाकण्यात अर्थ नाही. ज्या घरात असा आजार आधीच आहे, त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा.

इथवर लहान शहराची वकिली झाली, आता त्याची उलटतपासणी करू. लहान शहरं एकमेकांसारखी नसतात. ज्या लातूरने शिक्षणाचा पॅटर्न दिला, त्याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचं पाणी न्यावं लागलं. छत्रपती संभाजीनगरजवळ नवी औद्योगिक नगरी उभी राहतेय, पण शहरातल्या अनेक वस्त्यांत नळाला पाणी येण्यामध्ये कित्येक दिवसांचा खंड पडत आलाय; सोलापूरची गतही बरीचशी तशीच. कोल्हापुरात पाणी मुबलक, पण २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचा पूर वस्तीत शिरला. हवेचं म्हणाल तर केंद्राने २०१९ मध्ये सुरू केलेल्या स्वच्छ हवा कार्यक्रमात प्रदूषित ठरलेल्या शहरांच्या यादीत नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सांगली, लातूर ही सगळी आहेत. लहान गाव म्हणजे स्वच्छ हवा, हा भ्रम बाळगू नये. म्हणून बिल्डरच्या ब्रोशरमधला क्लबहाउस बघण्याआधी सोसायटीच्या वॉचमनला विचारावं: नळाला पाणी किती दिवसांआड येतं, किती वेळ येतं, बोअर उन्हाळ्यात आटतं का? सचिवांकडे मे महिन्याचं टँकरचं बिल मागावं. परदेशातली माणसं गाव बघतात डिसेंबरात. तेव्हा धरणं भरलेली असतात, हवा गार असते, लग्नसराईत सगळे नातेवाईक भेटतात आणि कुठलंही गाव गोड वाटतं. निर्णय घ्यायचा असेल तर एकदा मे महिन्यात यावं आणि एकदा जुलैच्या धो धो पावसात.

संपर्काचा प्रश्नही असाच गावागणिक तपासावा. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूरहून थेट दोहा आणि शारजाला विमानं जातात, शहरात मेट्रो आहे, आयआयएम आहे. त्याला लहान म्हणताना जीभ अडखळावी. नाशिकला मुंबई जवळ: पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येणारे कितीतरी जण आहेत, आणि २०२३ पासून शिर्डीची वंदे भारतही नाशिकरोडला थांबते. पण नाशिकहून पुण्याला थेट रेल्वेमार्ग नाही. वर्षानुवर्षं चर्चेत असलेला तो मार्ग अजून कागदावरच आहे. शिवाय २०२७ च्या सिंहस्थासारख्या पर्वाला अख्खं शहर गर्दीच्या ताब्यात जातं. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. मोठ्या शहराची कामं हळूहळू लहान शहरांत उतरताहेत, याची ही खूण. पण उतरणार असलेल्या कामाच्या भरवशावर घर घेऊ नये. जे उतरलंय तेवढंच मोजावं.

एक आक्षेप असा आहे की जो उघड बोलला जात नाही, मनात मात्र असतो, विशेषतः घरातल्या बाईच्या मनात. लहान गावात सगळ्यांना सगळं कळतं. सून किती वाजता घरी आली, मुलीने काय घातलं, परदेशातली नोकरी सोडली की सुटली, याची चौकशी जिन्यातच होते. भाड्याचं घर बघायला गेलं की आडनाव आधी विचारलं जातं, स्वयंपाकघरात काय शिजतं ते नंतर. हे मुंबईतही होतं, पण तिथे एक दार बंद झालं तर दुसरं ठोठावता येतं. परदेशात पंधरा वर्षं अनोळखीपणाचं स्वातंत्र्य उपभोगलेल्या स्त्रीला हा जाच वाटेल, आणि तो खोटा म्हणून उडवून लावता येणार नाही. एवढंच म्हणता येईल की जी नजर चौकशी करते तीच नजर आजोबा चक्कर येऊन पडले तर सगळ्यांत आधी धावून येते. दोन्ही एकाच पुडीत मिळतात. ही किंमत द्यायची की नाही, हे तिने ठरवायचं, नवऱ्याने किंवा सासूबाईंनी नव्हे. तिचा नकार असेल तर बाकीचे सगळे मुद्दे कितीही बिनतोड असले तरी लहान शहराचा विचार सोडून द्यावा, कारण ज्या घरात एक माणूस कोंडलेलं आहे तिथे मिळालेला वेळ कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

आणि निर्णय चुकला तर? या भीतीवर उपाय आहे. आयकर कायद्यात बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याला साधारण दोन-तीन वर्षं ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या ठेवींवरचं व्याज, तिथलं भाडं यांवर इथे सहसा कर लागत नाही; भारतात बसून केलेल्या कामाचा पगार मात्र इथलाच धरला जातो. सल्लागार हा काळ पैशांची फेररचना करायला वापरा म्हणतात. मी म्हणेन, तो गावाची परीक्षा घ्यायलाही वापरावा. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावं, दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढावेत, मग घराचं बघावं. गावाकडे आलो म्हणून लगेच द्राक्षबागेची स्वप्नं रंगवणाऱ्यांनीही थोडं थांबावं: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही, आणि भारतीय नागरिकालाही महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, सातबाऱ्यावर नाव लागतं. लहान शहरातून मोठ्या शहरात जाणं अवघड नाही. पुण्यात कर्ज काढून फ्लॅट घेतल्यावर तिथून निघणं फार अवघड. त्यामुळे सुरुवात कुठून करावी, याचं उत्तरही लहान शहराकडेच झुकतं.

शेवटचा आक्षेप दूरदृष्टीचा. पुणंही एकेकाळी पेन्शनरांचं शांत गाव होतं, तसंच उद्या नाशिकचं होईल, मग काय उपयोग? होईलही. पण शहराला वाढायला वीस-पंचवीस वर्षं लागतात आणि मूल आठ वर्षांचं असलं तर ते घरात राहणार आणखी दहाच वर्षं. पंचाहत्तरीच्या आईच्या वर्षांचा हिशेब तर मांडवतही नाही. ज्या काळासाठी आपण परत येतोय तो काळ शहराच्या काळापेक्षा लहान आहे. म्हणून पाच मिनिटांत ‘पुणे’ म्हणण्याआधी एक कागद घ्यावा, मध्ये रेघ मारावी. डाव्या बाजूला जे पुन्हा पुन्हा निवडावं लागणार आहे ते लिहावं: दोघांच्या नोकऱ्या, एखादा अवघड उपचार, मुलाची खास गरज. उजव्या बाजूला जे रोज किंवा दर आठवड्याला करायचंय ते. डावी बाजू भरली तर महानगर, त्यात कमीपणा काही नाही. पण उजव्या बाजूला ‘आईकडे जाणं’ हे शब्द पहिल्या ओळीत आले असतील, तर त्यापुढे ती कोणत्या शहरात राहते तेही लिहावं. बऱ्याच कागदांवर तिथे पुण्याचं नाव नसेल.